पत्त्यांतून जमलेले वाचक

ह्युगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. पुढे त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यांसह छापली जाऊ लागली. आपल्या गावात एकट्यानेच हे वेड जपणाऱ्यांना त्यामुळे समानधर्मी सापडले. आधी पत्रव्यवहार, मग मंडळे आणि १९३० पासून त्यांची स्वतःची हौशी मासिके. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या तरुण मित्रांच्या अशाच मासिकात, जानेवारी १९३३ मध्ये, त्यांच्या ‘सुपरमॅन’चे नाव प्रथम आले. तो सुपरमॅन मात्र खलनायक होता!

या गटांची खरी ताकद देवाणघेवाणीत होती. लिहिणारा दुसऱ्याचेही वाचत असे, पत्राने मत कळवत असे, कडाडून वादही घालत असे. म्हणून अंक थोडे निघाले तरी ते मन लावून वाचले जात.

आज ब्लॉगसाठी वाचक हवे असतील तर मला हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. उदाहरणार्थ, किल्ल्यांवर लिहिणाऱ्याने दुर्गप्रेमींच्या ऑनलाइन गटात आधी वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाची सोय यांविषयीच्या शंकांना नीट उत्तरे द्यावीत. आपल्या लेखाचा दुवा नंतर, आणि तोही प्रश्नाशी संबंध असेल तेव्हाच.