आजोबांना विचारलेत का?

‘अंगावरून वारे गेले’ असे तुम्ही कधीतरी ऐकले असेल. ‘अर्धांगवायू’ या शब्दातही वायू आहेच. पण खरे पाहता वाऱ्याचा येथे काहीच संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि हा आजार, म्हणजेच पक्षाघात, होतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. म्हणून रक्त थांबताच काही मिनिटांत तेथील पेशी मरू लागतात. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो. साहजिकच डावीकडे इजा झाली, तर उजवा हात आणि पाय लुळे पडतात.

मग कित्येक रोगी पुन्हा चालू लागतात, ते कसे? एक प्रयोग करा. शर्टाची गुंडी एकट्या डाव्या हाताने लावून पाहा (डावखुरे असाल, तर उजव्या हाताने). पहिल्यांदा फजिती होईल. रोज दहा-दहा वेळा करा. हळूहळू जमू लागेल. येथे मुख्य बदल होतो तो स्नायूंत नव्हे, तर मेंदूच्या पेशींमधील जोडण्यांत. पक्षाघातानंतर शाबूत राहिलेल्या पेशी काहीशा याच रीतीने गेलेले काम थोडेफार उचलतात. मात्र त्यासाठी तीच हालचाल पुन्हा पुन्हा करावी लागते.

खरी अडचण येथेच आहे. रोज तोच व्यायाम करायचा, तर मन हवे. मग भारी यंत्रांनी काम सोपे होईल काय? अमेरिकेत ४०८ रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोराच्या आधाराने फिरत्या पट्ट्यावर चालवले, तर काहींकडून तज्ज्ञांनी घरीच ताकदीचे व तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले. वर्षानंतर निम्म्याहून थोड्या अधिक रोग्यांचे चालणे सुधारले होते आणि यंत्रवाले घरच्यांपेक्षा पुढे नव्हते!

मग रोग्याला काय आवडते, हे का विचारू नये? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नेमके तेच केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पक्षाघात झालेल्यांच्या आवडी इतरांपेक्षा वेगळ्या आढळल्या. शिवाय त्या आपसांतही सारख्या नव्हत्या. कोणाला सोबत हवी, तर कोणाला एकांत. कोणाला शिकवणारा हवा, तर कोणाला आपली मोकळीक.

तुमच्या घरी किंवा शेजारी असे कोणी असेल, तर डॉक्टर आणि व्यायामोपचार-तज्ज्ञ काय सांगतात, ते आधी समजून घ्या. व्यायाम केव्हा सुरू करायचा व किती करायचा, हे त्यांनीच ठरवावे. घाई अंगाशी येऊ शकते. पण त्यांनी परवानगी दिलेल्या व्यायामांतून निवड आजोबांना करू द्या. “सकाळी की संध्याकाळी? अंगणात की देवळापर्यंत? मी बरोबर येऊ का?” असे विचारा. कणीक मळणे, शेंगा सोलणे, झाडांना पाणी घालणे यांतही हाताला काम मिळते. आणि गुंडी लावायला त्यांना पाच मिनिटे लागली, तर चटकन पुढे होऊन ती लावून देऊ नका. त्या पाच मिनिटांत त्यांचा मेंदू शिकत असतो.