नौकेतील इंजिनबदल आणि माउंटची घडण : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात व दुरुस्तीची मोठी कामे उरकली जातात. जुने, जड, मंदगती इंजिन काढून त्याजागी हलके व अधिक फेऱ्यांचे डिझेल इंजिन बसविणे हे त्यांपैकीच एक काम होय. नव्या इंजिनाचे पाय जुन्या पायाशी जुळत नाहीत. रुंदी, उंची, गिअर बॉक्सची लांबी, सारेच वेगळे असते. अशा वेळी तळातील लांब लाकडी तुळया व इंजिन यांना जोडणारे पोलादी आधार, म्हणजेच माउंट, स्थानिक वेल्डरकडून घडवून घेतले जातात. एकूण खर्चात त्यांचा वाटा अल्प असतो आणि बहुधा म्हणूनच त्यांचा विचार सर्वांत शेवटी होतो. प्रस्तुत लेखात या आधारांवर प्रत्यक्षात कोणते भार येतात व त्यानुसार त्यांची घडण कशी असावी याचे विवेचन केले आहे.

भारांचे स्वरूप

माउंटचे कार्य इंजिनाचे वजन पेलणे एवढेच आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. इंजिन बंद असताना तो खराही असतो. मात्र इंजिन सुरू होऊन पंखा पाणी कापू लागला की चित्र पालटते.

उदाहरणार्थ, मिनिटाला २००० फेऱ्यांवर ७५ किलोवॅट शक्ती देणारे इंजिन घेऊ. गिअर बॉक्ससह त्याचे वजन ४५० किलोग्रॅम व गुरुत्वमध्य मधोमध आहे असे धरू. इंजिनाचे पिळबल सुमारे ३५८ न्यूटन-मीटर येते. परंतु गिअर बॉक्स शाफ्टच्या फेऱ्या एकतृतीयांश करतो, तेव्हा शाफ्टवरील पिळबल तिप्पट, म्हणजे सुमारे १०७४ न्यूटन-मीटर होते. गिअर बॉक्स इंजिनालाच जोडलेला असल्याने या वाढलेल्या पिळबलाची संपूर्ण प्रतिक्रिया माउंटवर येते. डाव्या व उजव्या माउंटमधील अंतर ०.६ मीटर असल्यास एका बाजूवर सुमारे १८२ किलोग्रॅमइतका भार वाढतो व दुसऱ्या बाजूवरून तेवढाच उतरतो. स्थिर अवस्थेत प्रत्येक बाजूस २२५ किलोग्रॅम असलेला भार एकीकडे ४०७ आणि दुसरीकडे अवघा ४३ होतो. त्यात लाटेवर नौका आदळली, की हलकी बाजू तुळईवरून उचलली जाऊ पाहते. नौका मागे घेताना पिळाची दिशा उलटते आणि बाजूंची अदलाबदल होते.

हलके इंजिन म्हणजे सोपे काम, हा समज येथे फसवा ठरतो. जुन्या इंजिनाचे वजनच त्याला जागेवर दाबून धरीत असे. नव्या इंजिनाला ते काम बोल्टवर सोपवावे लागते. तेलाने भिजून मऊ झालेल्या तुळईत वरून पिळलेले लाकडी स्क्रू ही ओढ सहन करू शकत नाहीत. बोल्ट तुळईच्या आरपार जाणारे व खालून रुंद पोलादी पट्टीने धरलेले असावेत.

दुसरा भार पंख्याच्या रेट्याचा. पंख्याची कार्यक्षमता ५० टक्के व नौकेचा वेग सेकंदाला ४ मीटर धरल्यास हा रेटा सुमारे ९५० किलोग्रॅम, म्हणजे इंजिनाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक येतो. नौकेला पुढे ढकलणारे हे सारे बल, शाफ्टवर स्वतंत्र बेअरिंग नसल्यास, गिअर बॉक्समधून माउंटमार्गेच तुळयांपर्यंत पोहोचते. म्हणून रबरी माउंट उभ्या दिशेने लवचीक, परंतु पुढे-मागे ताठ असावे लागते. ट्रकचे माउंट नौकेत चालत नाही, त्याचे कारण हेच.

घडण व जुळणी

मोजमापाचा आरंभ इंजिनापासून नव्हे, तर शाफ्टच्या रेषेपासून करावयाचा असतो. शाफ्टच्या नळीतून ताणलेली बारीक तार इंजिनखोलीपर्यंत आणली की गिअर बॉक्सचा मध्य कोठे यावा हे निश्चित होते. (तारेचा स्वतःचा झोळ मात्र हिशेबात धरावा.) त्यानुसार प्लायवूडचा साचा करून पोलादी कंसांची मापे घेतली जातात. आडव्या व उभ्या पट्ट्यांच्या कोनात त्रिकोणी आधारपट्टी नसल्यास कंस प्रत्येक फेरीला किंचित वाकतो आणि कालांतराने वेल्डच्या कडेलाच तडा जातो. कंस जागेवर केवळ टाक्यांनी जोडावा व पूर्ण वेल्डिंग बाहेर काढून करावे. अन्यथा उष्णतेने रबर निकामी होते. वेल्डिंगने धातू थोडा मुरडतोच. ते गृहीत धरून कंसाखाली शिमसाठी जागा ठेवावी. ही जागा न ठेवता उंची कमी पडल्यास माउंटचा खिळाच वर उचलला जातो. खिळा जितका उंच, तितका रेट्याने तो अधिक वाकतो.

अंतिम जुळणी नौका पाण्यात असतानाच करावी, हा मुद्दा किनाऱ्यावरील घाईत सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ठोकळ्यांवर टेकलेल्या लाकडी नौकेचा आकार आणि तरंगणाऱ्या नौकेचा आकार एकच नसतो. पाण्यात उतरविल्यावर एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. नंतर शाफ्टच्या मोकळ्या टोकाला आधार देऊन कपलिंगच्या दोन चकत्यांमधील फट फिलर गेजने चारही बाजूंनी मोजावी. १२५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान फटीतील फरक ०.१२ मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून कमी असावा. हा फरक अधिक राहिल्यास शाफ्ट फेरीगणिक वाकतो, बेअरिंग झिजते आणि नळीच्या तोंडावरील पॅकिंगमधून पाणी आत येऊ लागते. खोल समुद्रात ही गळती केवळ दुरुस्तीची बाब राहत नाही.

नवे रबर भाराखाली आणखी काही काळ दबत राहते. त्यामुळे पहिल्या ४०-५० तासांच्या वापरानंतर तीच फट पुन्हा मोजून नट नव्याने जुळवावे लागतात. हे तास नेमके हंगामाच्या पहिल्या दिवसांत भरतात आणि त्या वेळी नौका अर्धा दिवस धक्क्याला बांधून ठेवण्यास मालक सहसा राजी नसतो. म्हणून इंजिन बसविण्याचा व्यवहार ठरतानाच या दुसऱ्या मोजणीचा दिवस व मोबदला ठरवून घेणे इष्ट होय.