काडतूस चांगले, पण कोणत्या नळीसाठी?

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचे कांस्यपदक जिंकले. तेव्हापासून नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांचा एक समज वारंवार कानावर येतो: सर्वात महागडे काडतूस म्हणजे सर्वात अचूक.

पण अचूकता किमतीवर नव्हे, काडतूस नळीशी जुळण्यावर ठरते. गोळी पितळी नळकांड्यात किती आत बसवली आहे (बैठकीची खोली), यावर ती रायफलिंगमध्ये (नळीच्या आतल्या पीळदार चरांत) कशी शिरते ते ठरते. मोठ्या काडतुसांत ही खोली हाताने बदलून पाहता येते. ऑलिंपिकच्या .22 काडतुसात मात्र ती कारखान्यातच कायम होते. म्हणून नेमबाज खोलीऐवजी लॉट (एकाच खेपेत तयार झालेली काडतुसे) बदलून पाहतात.

एकाच पिशवीतले बियाणे इंदापूरच्या काळ्या रानात आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यातल्या मुरमाड रानात सारखे उगवत नाही. नळ्यांचेही तसेच आहे. एकाच कंपनीच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे लॉट मानवतात.

चाचणीत रायफल शिकंजात घट्ट धरतात, म्हणजे हाताची थरथर हिशेबात येत नाही. मग प्रत्येक लॉटच्या गोळ्या 50 मीटरवर झाडून छिद्रांचा घोळका किती आवळ आहे ते मोजतात. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे आणि गोळी 5.6 मिलिमीटरची, त्यामुळे एखाद-दुसऱ्या मिलिमीटरनेही पदक हुकते. तेव्हा आधी किंमत नव्हे, चाचणी पाहा. आणि नळीला मानवलेला लॉट सापडला, की त्याच क्रमांकाची खोकी हंगामभर पुरतील एवढी घेऊन ठेवा.