लिंबू आधी, संत्रं नंतर

फेब्रुवारी लागला की नागपूरहून मावशीची संत्र्यांची पेटी येते. मृग बहाराची फळं, म्हणजे जून-जुलैच्या फुलोऱ्यातली. यंदा त्यातल्या चार संत्र्यांची मी घरच्या पनीरबरोबर कोशिंबीर केली. पनीरचे तुकडे, सोललेल्या फोडी, पातळ चिरलेला कांदा, एक हिरवी मिरची, मिरपूड आणि चमचाभर तेल, एवढंच. फोनवर मावशीला कौतुकानं सांगायला गेले, तर पलीकडून आलं, "अगं, दुधावर आंबट फळ? पोटात नासेल ना ते!"

ही धास्ती जुनी आहे. दूध आणि आंबट फळ एकत्र घेऊ नये, हा विरुद्ध आहाराचा नियम अजूनही कितीतरी घरांत पाळला जातो. आयुर्वेदाचा पचनाचा हिशेब वेगळा, त्यात मी शिरत नाही. मी अडले ती 'नासेल' या शब्दापाशी. दूध आपण न सांगता फुटलं की आपण म्हणतो 'नासलं', आणि लिंबू पिळून मुद्दाम फोडलं की म्हणतो 'फाडलं'. आम्लाला हा मानापमान कळत नाही. मावशीला ज्याची भीती वाटते ते पनीरच्या बाबतीत पातेल्यातच उरकलेलं असतं. आणि नुसतं दूध प्यायलं तरी जठरातल्या आम्लात ते फुटतंच, मग त्यावर संत्रं खा की खाऊ नका.

दूध एरवी फुटत का नाही, हा खरं तर जास्त मजेदार प्रश्न आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के वाटा केसीनचा. हे केसीन सुटं नसतं. त्याचे हजारो रेणू कॅल्शियम फॉस्फेटच्या डिंकानं एकमेकांना धरून गोळे करतात, एकेक गोळा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचा. स्निग्धांशाच्या थेंबांबरोबर हे गोळेही प्रकाश विखुरतात, म्हणून दूध पांढरं. प्रत्येक गोळ्याच्या अंगावर कॅपा-केसीन नावाच्या प्रथिनाची लव असते आणि तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. दोन गोळे जवळ आले की एकमेकांना ढकलतात. गर्दीच्या लोकलमध्ये प्रत्येकानं कोपरं बाहेर काढून उभं राहावं, तसा हा प्रकार.

आम्ल काय करतं, तर ही कोपरं खाली आणतं. दुधाचा सामू ६.६ ते ६.७, लिंबाच्या रसाचा २च्या थोडा वर. रस पडत जातो तसा गोळ्यांवरचा भार कमी होतो आणि सामू ४.६ला आला की तो शून्यावर येतो. आतला कॅल्शियमचा डिंकही विरघळू लागतो. ढकलाढकली संपली की गोळे एकमेकांना चिकटतात. दूध कडकडीत असेल तर एवढं खाली उतरावंच लागत नाही, ५.३ ते ५.५च्या दरम्यानच ते फुटतं. म्हणून गरम दुधाला लिंबू कमी लागतं. कमी लागतं तेवढंच घालावं, नाहीतर पनीर रबरासारखं होतं आणि तोंड आंबतं ते वेगळंच.

उकळण्याचा आणखी एक फायदा आहे. केसीन सोडून दुधात जी बाकीची प्रथिनं असतात, ती सत्तर अंशांच्या पुढे उलगडतात आणि केसीनच्या गोळ्यांना जाऊन बिलगतात. दूध नीट तापलेलं असेल तर फाडल्यावर तीही पनीरमध्ये येतात, नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातात. खरवस जमतो तोही याच जातीच्या प्रथिनांमुळे. चिकात ती इतकी भरपूर असतात की नुसत्या वाफेवर वडी धरते, लिंबूबिंबू काही लागत नाही.

पनीर म्हणजे उत्तरेचा पदार्थ असं आपण धरून चालतो, पण ताजं चीज मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या खुंटीवर टांगलेलं होतं. चक्का दुसरं काय आहे? तिथे आम्ल विरजणातले जिवाणू तयार करतात, तेही सावकाश, रात्रभर. गोळे हळूहळू एकमेकांचे हात धरतात, त्यांचं नाजूक जाळं होतं आणि पाणी त्या जाळ्यातच अडकून राहतं. पनीरमध्ये तेच काम मिनिटभरात, उकळत्या दुधात होतं, त्यामुळे जाळं न होता चोथा होतो. म्हणून चक्का मऊ आणि पनीर दाणेदार. गंमत म्हणजे या दोन्हींमागची आम्लं एकाच माणसानं वेगळी काढली. स्वीडनमधला औषधविक्रेता कार्ल विल्हेल्म शीले यानं १७८० साली आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल मिळवलं आणि १७८४ साली लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक.

मुंबई-सुरतेकडच्या पारश्यांचं टोपली पनीर मात्र या घराण्यातलं नाही. त्यात आंबट नसतं, रेनेट असतं. रेनेटमधलं विकर कॅपा-केसीनची लव वस्तऱ्यानं उतरवावी तशी कापून टाकतं. भार जातो, पण कॅल्शियमचा डिंक बराचसा जागेवर राहतो. मोझरेलाही असंच रेनेटचं, म्हणून तापवल्यावर पसरतं, ताणलं जातं. आपलं लिंबाचं पनीर तव्यावर करपेल, पण वितळणार नाही. कोशिंबिरीला दोन्ही चालतात. टोपली पनीर मिळालं तर मी तेच घेईन, पण ते इतकं लुसलुशीत असतं की ढवळायला गेलं की संपलं. ते वरून अलगद ठेवायचं.

आता संत्रं. फोडीचा पापुद्रा काढला की आत टपोऱ्या थेंबांसारखे रसाचे दाणे दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत हे केस आहेत! फळ कोवळं असताना फोडीच्या आतल्या भिंतीवर बारीक लव उगवते, तीच रसानं फुगत जाते आणि पोकळी भरून टाकते. आपण संत्रं खातो म्हणजे त्याचे केस खातो. (हे जेवताना सांगू नये. मी सांगितलं, आणि मुलीनं ताटली बाजूला सारली.)

नागपुरी संत्र्याची एक खोड मात्र कोशिंबिरीत नडते. रस काढून ठेवला की काही तासांत तो कडवट होतो. ताज्या फळाच्या पापुद्र्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असतं. पेशी फुटल्या की ते आंबट रसात मिसळतं आणि त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, चांगलंच कडू. रसाच्या कारखान्यांची ही जुनीच डोकेदुखी आहे. आपल्यापुरता उपाय सोपा, फोडी अगदी शेवटी सोलायच्या, पापुद्रा आणि बिया काढूनच घालायच्या. या बाबतीत संत्रं फार समजूतदार, पापुद्रा नखानं सुटतो. मोसंबीला सुरी घ्यावी लागते.

साल टाकू नये. तिच्यातल्या बारीक पिशव्यांत तेल असतं आणि त्यात बहुतांश लिमोनिन नव्हे, तर लिमोनीन. नावं जुळ्या भावांसारखी, म्हणून अक्षरं नीट पाहून घ्या: कडू ते लिमोनिन, सुगंधी ते लिमोनीन. लहानपणी साल मेणबत्तीजवळ पिळून ठिणग्या उडवल्या असतील, तर त्या याच सुगंधी तेलाच्या. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात मात्र सहज मुरतं. म्हणून फळ स्वच्छ धुऊन सालीचा फक्त नारिंगी थर किसायचा, चमचाभर तेलात चोळायचा आणि ते तेल पनीरवर घालायचं. पनीरमधला स्निग्धांश तो वास धरून ठेवतो. खालचा पांढरा थर किसणीला लागू द्यायचा नाही, तो कडू. मिरचीचा तिखटपणाही असाच, केसीन त्याला पकडून ठेवतं, त्यामुळे एक मिरची पनीरबरोबर अर्धीच वाटते.

एका ताटलीतली लिंबू आणि संत्रं ही दोन फळंही नात्यानं दूरची. २०१८ साली 'नेचर'मध्ये आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार कागदी लिंबाचा एक पालक महाळुंग आहे, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं तेच फळ. संत्र्याचं घराणं मँडरिनचं. महाळुंगाच्या लेकरानं दूध फाडायचं आणि मँडरिनच्या लेकरानं वर येऊन बसायचं, अशी इथली वाटणी.

राहिलं मीठ. पहिल्या वेळी मी ते आधी घातलं, आणि पाहुणे येईपर्यंत फोडी चिमलेल्या, तळाशी वाटीभर रस. मीठ बाहेर आणि गोड रस आत असला की पाणी मिठाकडे ओढलं जातं, काकडीच्या कोशिंबिरीत होतं तेच. आता मीठ मी पनीर कुस्करतानाच थोडं लावते, आणि उरलेलं ताटं वाढल्यावर.

हे सगळं मावशीला पुन्हा फोन करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं ते भलतंच, "पनीरचं पाणी काय केलंस?" ते हिरवट पाणी, ज्याला तो रंग बी-२ जीवनसत्त्वामुळे येतो आणि ज्यात विरघळलेल्या कॅल्शियमचा मोठा वाटा असतो, मी कणकेत घातलं होतं. "मग ठीक," ती म्हणाली. "पुढच्या पेटीत चार लिंबं पण टाकते."