पिंपाला फुटलेला कंठ

त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावरच्या स्टीलपॅन या वाद्याची गोष्ट सांगायची, तर आधी १८८४ सालच्या दोन बंदीहुकुमांची सांगावी लागते. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज कार्निव्हलच्या पहाटे मशाली पेटवून, ढोल बडवत रस्त्यावर उतरत. त्याला म्हणत कॅन्बुले. १८८१ मध्ये कॅप्टन बेकरच्या पोलिसांशी त्यांची जबर चकमक झाली आणि तीन वर्षांनी ब्रिटिश सरकारने कायदा करून मशाली आणि ढोल बंद पाडले. त्याच वर्षी दुसरा हुकूम निघाला तो भारतीयांसाठी. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर आणलेले गिरमिटिये मजूर ताशांच्या गजरात मोहरमचे ताबूत काढत. या उत्सवाला तिथे 'होसे' म्हणतात, आणि त्यात हिंदू मजूरही सामील होत. मिरवणुकीने शहरात शिरायचे नाही, असे सरकारने बजावले. मजुरांनी ते मानले नाही. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सॅन फर्नांडोच्या वेशीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अनेक मजूर मेले, शंभराहून अधिक जखमी झाले.

ढोल गेले, पण ताल गेला नाही. लोकांनी कमीअधिक लांबीचे बांबू तोडले आणि ते जमिनीवर आपटून ठेका धरला. हाच 'टँबू बँबू'. १९३० च्या दशकात त्यांत बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्या, मोटारींचे ब्रेकड्रम आले. पत्र्याला पोचा पडला की तेवढ्या जागेचा आवाज वेगळा येतो, हे ठोकता ठोकता पोरांच्या कानांनी हेरले. विन्स्टन 'स्प्री' सायमन, नेव्हिल जूल्स, एली मॅनेट यांपैकी पहिला कोण, हा वाद आजही तिथे तावातावाने चालतो. मला तो निष्फळ वाटतो. एका वस्तीत लागलेला सूर पलीकडच्या वस्तीला ऐकू जातच होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर मॅनेटने ५५ गॅलनचे तेलाचे पिंप हाती घेतले आणि वाद्याला आजचे रूप येऊ लागले. पिंपाचा तळ घण मारून वाटीसारखा खोल करतात. त्यावर खिळपंचाने प्रत्येक स्वराची जागा आखतात. मोठ्या जागा कडेला, त्यांचे सूर खालचे. लहान जागा मध्यभागी, त्यांचे सूर वरचे. मग पत्रा आगीवर तापवतात आणि शेवटी बारीक हातोडीने एकेक स्वर जुळवतात. हे काम मुख्यतः कानाचे. उंच स्वरांच्या पॅनची बाजूची भिंत आखूड कापलेली असते. खर्जासाठी मात्र अख्खी पिंपे लागतात, एका वादकाभोवती सहा किंवा त्याहून जास्त.

पांढरपेशा घरांत या वादकांना गुंड समजत. वाद्यवृंदांमध्ये आपसांत हाणामाऱ्या होत हे खरेच, पण त्या नावाखाली त्यांची कलाही हिणवली गेली, हा अन्याय होता. १९५१ मध्ये 'टास्पो' हा निवडक वादकांचा ताफा फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी लंडनला गेला. त्यांचे वादन ऐकून तिथले श्रोते थक्क झाले आणि घरच्यांचेही मत हळूहळू पालटू लागले. १९६३ पासून 'पॅनोरमा' ही स्पर्धा भरू लागली, १९९२ मध्ये स्टीलपॅन राष्ट्रीय वाद्य ठरले आणि २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन जाहीर केला.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते जित समारू यांचे काम. लोपिनो खोऱ्यातल्या भारतीय वंशाच्या कुटुंबात १९५० मध्ये जन्मलेल्या समारूंनी राजधानीतल्या आफ्रिकी वस्तीच्या 'रेनिगेड्स' वृंदाची संगीतरचना सांभाळली. कॅलिप्सो या तिथल्या गीतप्रकाराचे गायक लॉर्ड किचनर यांची गाणी घेऊन ते अनेकदा शंभरेक वादकांसाठी अत्यंत वेगवान, गुंतागुंतीची बांधणी करत. त्यांच्या रचनांवर रेनिगेड्सने नऊ वेळा पॅनोरमा जिंकली, १९९५ ते १९९७ सलग तीनदा. ज्या दोन समाजांचे ढोल-ताशे एकाच वर्षी दडपले गेले, त्यांचे वारस इथे एका वृंदात उभे राहिले. २०१६ मध्ये समारू गेले. आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकांतल्या तरुणांनी १९९५ ते १९९७ या तीन वर्षांचे रेनिगेड्सचे वादन जरूर मिळवून ऐकावे.