बास गिटार मुकी का होते?

इलेक्ट्रिक बास गिटारच्या आत विजेचे सामान मोजकेच असते. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातील कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणि १९६० मध्ये जॅझ बास बाजारात आणली. आज दुकानांत दिसणाऱ्या बऱ्याचशा बास गिटारींची जोडणी, त्यांवर नाव कोणाचेही असो, या दोहोंपैकी एकीच्या वळणाची असते. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेले, केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत अगदी क्षीण व्होल्टेज उमटते. ते व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटमधून, म्हणजे बटणांखालच्या फिरत्या रोधांतून, जॅकपर्यंत आणि तिथून केबलने ॲम्प्लिफायरकडे जाते. टोनच्या पॉटला एक कॅपॅसिटर जोडलेला असतो, सहसा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. प्रिसिजन बासला एक व्हॉल्यूम आणि एक टोन. जॅझ बासला दोन पिकअप, म्हणून दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. बाकी असतात त्या या सगळ्यांना जोडणाऱ्या काही वायरी.

यातले बिघडतात ते बहुतेक वेळा ओढले, फिरवले, हलवले जाणारे भाग: केबल, जॅक, पॉट. पिकअप क्वचितच जातो. तरीही आवाज गेला की पुष्कळ जण आधी पिकअपवरच संशय घेतात आणि नवा आणून बसवतात. पैसे जातात, बिघाड तसाच राहतो. म्हणून तपास बाहेरून आत न्यावा आणि सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी दोष कुठे आहे ते मोजून ठरवावे. त्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

सुरक्षितता मात्र सगळ्यांत आधी. गिटारमधल्या विजेने कोणाला इजा होत नाही. धोका ॲम्पकडून येतो. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे केबलच्या बाहेरच्या जाळीला आणि तिथून ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणाऱ्याचा हात सतत त्याच मार्गावर असतो. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये दोष असेल, तर २३० व्होल्टचा करंट तारांपर्यंत पोचू शकतो आणि माइकला ओठ लागताच जबर झटका बसतो. जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोके दिसतात, पण तिसऱ्यामागे वायर असतेच असे नाही. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वाजवणे तिथेच थांबवून वायरमनला बोलवावे. घरघर घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये. ॲम्प घरी उघडूही नये. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधले कॅपॅसिटर प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात.

पहिली तपासणी केबलची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवला की एका प्लगच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत बीप वाजली पाहिजे, दांड्यापासून दांड्यापर्यंतही वाजली पाहिजे. टोक आणि दांडा यांच्यात मात्र वाजता कामा नये. मोजताना केबल प्लगच्या मुळाशी हलवत राहावी, कारण ती आतून तुटते ती बहुधा तिथेच. केबल ठीक निघाली तर त्याच केबलने दुसरे वाद्य ॲम्पला लावून पाहावे. तेही गप्प राहिले तर गिटार निर्दोष आहे.

गिटार ॲक्टिव्ह असेल, म्हणजे तिच्या आत स्वतःचा प्रीॲम्प असेल, तर पुढची पाळी बॅटरीची. १९७६ मध्ये आलेली म्युझिक मॅन स्टिंगरे ही अशा गिटारींतली गाजलेली. यांत सहसा ९ व्होल्टची बॅटरी असते आणि वेगळा स्विच नसतो. प्लग आत शिरला की जॅकमधला तिसरा संपर्क जोडला जातो आणि बॅटरी चालू होते. वाजवून झाल्यावर केबल तशीच लावून ठेवली की बॅटरी विनाकारण उतरत राहते. आवाज आधी फाटका, मग बारीक आणि शेवटी बंद, असा क्रम दिसला तर दुसरे काही शोधण्याआधी बॅटरी मोजावी. नवी बॅटरी ९ व्होल्टहून थोडे जास्त दाखवते. ती ७ च्या आसपास उतरली असेल तर बदलावी.

आवाज येतो पण सोबत घरघर असते, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि तिचा उलगडा हाताच्या स्पर्शाने होतो. तारांना हात लावताच घरघर कमी होत असेल, तर जोडणी शाबूत आहे. माणसाचे शरीर खोलीतला विद्युत गोंगाट गोळा करून पिकअपजवळ आणते आणि स्पर्श होताच तो अर्थमध्ये निघून जातो. हात लावून काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजखालून आत जाणारी बारीक वायर तुटली आहे किंवा तिचा ब्रिजशी संपर्क सुटला आहे. जॅकच्या बाहेरच्या भागापासून तारेपर्यंत मल्टिमीटरने रोध मोजावा, तो जवळजवळ शून्य यायला हवा. आणि स्पर्शाने घरघर वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या असण्याची शक्यता मोठी. कोणी नुकतीच दुरुस्ती केलेल्या गिटारीत हे हमखास पाहावे.

जॅझ बासवाल्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घेणे जरुरीचे आहे. तिच्या दोन पिकअपचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना एकाची घरघर दुसरा खोडतो. एक थोडा कमी केला की ती परत येते. हा बिघाड नाही, ही त्या गिटारची रचना आहे. प्रिसिजन बासच्या १९५७ पासूनच्या दुभागलेल्या पिकअपमध्ये हेच तत्त्व एका पिकअपच्या दोन तुकड्यांत वापरले आहे, म्हणून ती एकूण शांत असते. जागेवर उभे राहून गिटार चौफेर फिरवताना घरघर कमी-जास्त होत असेल, तर तिचा उगम खोलीत आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, फोनचा चार्जर आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहावे. पंखा मधल्या वेगावर असताना येणारी करकरीत घरघर तो पूर्ण वेगावर नेताच पुष्कळदा थांबते.

आवाज येतो-जातो, प्लग हलवला की खरखर होते, ही खूण जॅकची. जॅकचे नट सैल झाले की केबलसोबत अख्खा जॅक फिरतो आणि आतल्या वायरींना पीळ पडून सोल्डर सुटतो. नट आवळताना आतला जॅक हाताने धरून ठेवावा. नुसते बाहेरून पान्याने आवळल्यास उरलेली वायरही तुटते. प्लगच्या टोकाला टेकणारी पट्टी सैल पडली असेल तर ती हलकेच आत वाकवावी. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत संपर्काच्या पृष्ठभागावर गंज चढतो. प्लग दहा-बारा वेळा आत-बाहेर केल्याने आवाज सुधारला तर दोष गंजाचाच समजावा.

बटण फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमधल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि झीज असते. गिटार उघडून, पॉटच्या पायांजवळच्या फटीतून इलेक्ट्रॉनिक्ससाठी असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे. दारांच्या बिजागऱ्यांना मारायचे तेल इथे वापरू नये. तरीही खरखर थांबली नाही तर पॉट बदलावा. पॅसिव्ह, म्हणजे प्रीॲम्प नसलेल्या, गिटारीत तो सहसा २५० किलोओहमचा असतो, ॲक्टिव्ह पिकअपसाठी पुष्कळदा २५ किलोओहमचा. मूल्य पाहूनच नवा घ्यावा.

आता मोजमापाची खरी कसोटी, आणि ती पॅसिव्ह गिटार न उघडता करता येते. केबल गिटारला लावावी, तिच्या मोकळ्या प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मीटरच्या सुया टेकवाव्या आणि २० किलोओहमच्या रेंजवर रोध पाहावा. व्हॉल्यूम पूर्ण असताना प्रिसिजन बास १० किलोओहमच्या आसपास दाखवते. जॅझ बास एका पिकअपला साधारण ७ आणि दोन्ही उघडे असताना त्याच्या निम्मे दाखवते, कारण दोन पिकअप समांतर जोडलेले असतात. दोन्ही उघडे असूनही मीटर ७ वरच अडला, तर एक पिकअप मार्गातून तुटला आहे. दोन व्हॉल्यूम आळीपाळीने बंद करून तो कोणता ते कळते. आकडा शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा झाकणाखालच्या तांब्याच्या पट्टीला जॅकची पट्टी टेकलेली असते. झाकण काढल्यावर आवाज येतो आणि बसवल्यावर जातो, हा त्याचाच प्रकार. आकडा नाचत असेल तर सैल जोड शोधावा.

पिकअप जिवंत आहे का, हे पाहण्याची आणखी एक सोपी रीत आहे. ॲम्पचा आवाज अगदी बारीक ठेवून छोट्या पोलादी स्क्रूड्रायव्हरने पिकअपच्या धातूच्या खुंटीवर हलके टिचकावे. टक असा स्पष्ट आवाज आला तर पिकअप आणि पुढचा मार्ग चालू आहे.

तुटलेला जोड लावणे अवघड नाही, पण उष्णता योग्य हवी. वायर आणि जॅकच्या कामाला २५ वॉटचे आयर्न चालते. पॉटच्या पाठीवर अर्थची वायर लावताना मात्र धातूची टोपी उष्णता ओढून घेते, तिथे ४० ते ६० वॉट लागतात. पृष्ठभाग खरवडून साफ करावा, आधी धातू तापवावा आणि मग सोल्डर त्याला टेकवावा. चांगला जोड गुळगुळीत पसरतो. वर गोळ्यासारखा बसलेला, मळकट जोड म्हणजे ड्राय सोल्डर. तो पुन्हा तापवावा. खिडकी उघडी ठेवावी आणि काम संपल्यावर हात धुवावे, कारण नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसे असते.

पिकअपच्याच वायरींवर थेट मोजूनही मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतली तार तुटली आहे. ती घरी जोडण्याच्या फंदात पडू नये. पिकअप रिवाइंडिंग करणाऱ्याकडे द्यावा किंवा नवा घ्यावा. जॅझ बाससाठी नवा पिकअप घेताना तो दुसऱ्याच्या उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा आहे याची खात्री करावी, आणि जुना मोजूनच मागवावा. बऱ्याच जॅझ बासमध्ये ब्रिजजवळचा पिकअप गळ्याजवळच्या पिकअपपेक्षा किंचित लांब असतो.