काचेआडचा राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात काळ्या रंगाची एक लांबलचक लिंकन काँटिनेंटल मोटार ठेवलेली आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या वेळी ते याच मोटारीत बसले होते. मात्र प्रेक्षकांना आज दिसते ती त्या दिवशीची मोटार नव्हे. त्या दिवशी तिचा रंग गडद निळा होता आणि वर छत नव्हते.

फोर्ड कंपनीची ही १९६१ची मोटार सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कारखान्यात कापून लांबविण्यात आली. लोकांना राष्ट्राध्यक्ष नीट दिसावेत, हा तिच्या रचनेमागील मुख्य हेतू. मागचे आसन यंत्राच्या साहाय्याने सुमारे १० इंच वर उचलता येई. पारदर्शक प्लॅस्टिकचे सुटे छत होते. पण ते पाऊस अडविण्यापुरतेच, गोळी अडविणारे नव्हे. डॅलसमध्ये आभाळ निवळले, म्हणून तेही काढून ठेवलेले होते.

हत्येनंतर ही मोटार मोडीत निघाली असेल, असे कोणालाही वाटावे. घडले ते निराळेच. चिलखती पत्रे, जाड गोळीरोधक काचा व कायमचे छत बसवून १९६४ मध्ये ती पुन्हा सेवेत रुजू झाली. पुढे जॉन्सन यांच्या इच्छेनुसार तिला काळा रंग देण्यात आला. निक्सन, फोर्ड व कार्टर यांच्या कारकिर्दीतही ती होती. १९७७ मध्ये ती निवृत्त झाली.

एका मोटारीची ही दोन रूपे म्हणजे लोकशाहीपुढील एक जुनाच पेच होय. राज्यकर्त्याचा जीव जपलाच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ज्याने लोकांकडून सत्ता घेतली, त्याला लोकांपासूनच दूर ठेवणारी भिंत कितीही पारदर्शक असली तरी ती भिंतच असते. म्हणूनच या मोटारीच्या भक्कम छताला पुढे उघडता येणारी झडप बसविण्यात आली, ही बाब बोलकी आहे. चिलखताच्या आत बसलेल्यालाही उभे राहून लोकांना हात दाखवावासा वाटतोच. लोकशाहीत राज्यकर्त्याला सुरक्षिततेइतकीच लोकांच्या नजरेचीही गरज असते. ती भागविणारे चिलखत अद्याप कोणत्याही कारखान्याने घडविलेले नाही.